मशीन म्हणते, तयार नाही

मी एक लाल स्पोर्ट्स कार आहे. वयाने म्हणाल तर जुनी आणि धावण्याच्या बाबतीत म्हणाल तर अजून जवळजवळ कोरी. माझ्या बरोबरीच्या गाड्या निम्मे जग पालथे घालून, दोन-दोन मालक बदलून आता थकल्या आहेत. मी मात्र न धावताच थकले. मित्रांनो, न धावता कोणी कसे थकेल, असे तुम्हाला वाटेल. माझी हकिगत ऐका म्हणजे कळेल. मध्येच माझा आवाज चढला तर मनावर घेऊ नका. माझ्या इंजिनाचा स्वभावच तसा आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझे इंजिन बसवणारा कारागीर काम करताना सतत शीळ घालत असे. रंगकाम करणाऱ्यांनी माझ्यावर रंगाचे हात चढवले, ते वाळवले, घासले आणि पुन्हा चढवले. शेवटी मला कारखान्याच्या मागच्या चाचणीच्या रस्त्यावर नेले. तिथली चालक ही एक अबोल तरुणी होती. तिने मला वळणांवरून असे काही पळवले की मी कशासाठी जन्माला आले आहे हे मला त्याच दिवशी समजले. खाली उतरल्यावर तिने माझ्या बॉनेटवर थाप मारली आणि "पळते पोरगी!" एवढेच म्हणाली. तेवढे कौतुक मला पुष्कळ होते.

मग मला डॉक्टरांनी घेतले. डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. लहानपणापासून त्यांना लाल रंगाची, बसकी, जोरात धावणारी गाडी हवी होती. ती त्यांना केस पांढरे व्हायला लागल्यावर मिळाली. ज्या दिवशी मला घरी आणले, त्या दिवशी ते गॅरेजमध्ये स्टूल टाकून माझ्याकडे नुसते बघत बसले होते. जेवायला तीन हाका मारल्या तरी उठले नाहीत. असा मालक मिळाला म्हणून मी मनात हरखून गेले. माझे नशीब उघडले असे मला वाटले. प्रत्यक्षात माझ्यावर कव्हर पडले.

दर रविवारी सकाळी डॉक्टर ते कव्हर काढत. दुसऱ्यांचे दात काढणारा हा माणूस माझी पुढची जाळी मऊ ब्रशने, वरून खाली, हलक्या हाताने घासत असे. हिरड्यांना लागेल की काय, अशी काळजी चेहऱ्यावर! मग ते सेल मारत. मी जागी होई. कुठे जायचे म्हणून मोठ्या आशेने घुरघुरू लागे. डॉक्टर डोळे मिटून माझा आवाज ऐकत. फारच लहर आली तर मला गल्लीच्या टोकापर्यंत नेत आणि समोरून सायकल येताना दिसली की तसेच मागे आणत. शेजारी म्हणत, "काय ठेवली आहे हो गाडी!" त्यांचे बरोबर होते. मला ठेवलेलीच होती.

आणि मग यायची ती वायर. उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू उतरते, असे डॉक्टरांना कोणीतरी सांगितले होते. ते खरेही आहे. त्यावर दर चार दिवसांनी गाडी चालवावी हा सरळ उपाय झाला. डॉक्टरांनी दुसराच शोधला. माझे काम संपले की ते पाना घेत, बॉनेट उघडत आणि बॅटरीची वायर सोडवून ठेवत. "झोप आता," असे प्रेमाने म्हणतही असत.

मित्रांनो, त्या वायरीने माझे काय होते ते ऐका. माझ्या आत एक छोटा संगणक आहे. त्याला मी माझे डोके म्हणते. मी रस्त्यावर धावत असते तेव्हा हे डोके माझा एकेक अवयव तपासत असते. थंडीत मी कशी उठते, गर्दीत कशी सरकते, मोकळ्या रस्त्यावर कशी पळते, माझ्या पोटाखालचा धूर गाळणारा डबा नीट तापतो की नाही. सगळे ठाकठीक दिसले की ते तशी नोंद करून ठेवते. बॅटरीची वायर काढली की ही नोंद पुसली जाते. पाटी कोरी! मला कालचे काही आठवत नाही, माझे घड्याळसुद्धा बारावर जाऊन बसते. दर रविवारी मी नव्याने जन्माला येत होते आणि दर रविवारी माझे डॉक्टर मला पुन्हा गाढव करून ठेवत होते.

अशी बरीच वर्षे गेली. नव्या गाड्यांना पहिली काही वर्षे धूर तपासणीतून सूट होती. नंतर तपासणी सुरू झाली, तेव्हा नुसती सायलेन्सरमध्ये नळी घालत आणि आकडा बघत. मी कशीबशी काठावर पास होत गेले. यंदा नियम बदलला. आता नळीबरोबर एक मशीन माझ्या डोक्यालाही जोडणार आणि आतली नोंद वाचणार होते. जुना दाखला महिनाअखेरीला संपत होता. नवा मिळाला नाही तर मला रस्त्यावर पाऊल टाकता येणार नव्हते.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी मला पहाटेपासून धुतले, पुसले, चकाकवले. मग चाकांना धूळ लागू नये म्हणून गाड्या वाहून नेणारा सपाट ट्रक मागवला. धूर तपासायला निघालेली गाडी दुसऱ्या गाडीच्या धुरात बसून चालली होती! वाटेत एका गाढ झोपलेल्या म्हातारीसारखी मी ट्रकवर डुलत होते. मला कपाळ असते तर मी हात लावला असता, आणि मला हातही नाहीत.

तपासणी केंद्रातला तपासनीस सर्दीने बेजार होता. त्याने थंडगार पडलेल्या माझ्या सायलेन्सरमध्ये नळी घातली आणि नाक मुरडले. मग मशीनची वायर माझ्या डोक्याला जोडली आणि पडद्याकडे बघत राहिला.

"गाडी तयार नाही," तो म्हणाला.

"तयार नाही म्हणजे?" डॉक्टर दुखावले. "पहाटेपासून तयार करतोय तिला!"

"तुम्ही केलीत हो तयार. दिसतंय ते. पण मशीन म्हणतंय, तयार नाही. आत काही नोंदच नाही. आठवडाभर चालवा आणि मग आणा."

"चालवू? म्हणजे रस्त्यावर?"

"मग काय गच्चीवर?" तपासनीस शिंकला आणि त्याने पुढच्या गाडीला खूण केली.

इतके स्पष्ट सांगितल्यावर कोणालाही कळले असते. पण डॉक्टरांचे ऐकणे त्यांच्या रोग्यांसारखे होते. त्यांचे रोगीसुद्धा "दोन वेळा दात घासा" म्हटले की मान डोलवतात आणि घरी जाऊन आपलेच खरे करतात. डॉक्टरांनी मला चालवले, अगदी रोज चालवले, पण फाटकाच्या आत. गॅरेजमधून फाटकापर्यंत आणि फाटकापासून गॅरेजपर्यंत. मग मला जागच्या जागी उभी करून रेस केले. त्या आवाजाने शेजारच्या कुत्र्याने जेवण सोडले. एवढी मेहनत झाल्यावर मी दमले असेन म्हणून रोज संध्याकाळी पाना, बॉनेट, वायर. पुन्हा येरे माझ्या मागल्या. मी दिव्यांची उघडझाप करून पाहिली, भलत्या वेळी वायपर फिरवून पाहिला. डॉक्टर म्हणाले, "बघ, कशी खुशीत आली आहे!"

दुसऱ्या खेपेला त्यांनी जुने पेट्रोल काढून नवे भरले, ऑइल बदलले, प्लग बदलले, माझे तळवेसुद्धा पुसले. आणि पुन्हा ट्रक आलाच. तपासनिसाची सर्दी बरी झाली होती, पण मशीन तेच म्हणाले.

"तयार नाही."

"अहो, आता हिच्यात तयार करायचं बाकी काय राहिलंय?" डॉक्टर ओरडले. "सगळं नवं घातलंय मी!"

"साहेब, मी सांगितलं होतं, चालवा."

"चालवली! रोज चालवली!"

तपासनिसाने त्यांच्याकडे पाहिले, माझ्या आरशासारख्या टायरकडे पाहिले आणि मान हलवली. त्याच्यामागे गाड्यांची रांग हॉर्न वाजवत होती. रांगेतल्या त्या चिखलाने माखलेल्या, खोकणाऱ्या, एक दिवा फुटलेल्या गाड्या एकामागून एक पास होऊन माझ्यासमोरून निघून गेल्या. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. माझ्यात बिघाड असता तर मी मुकाट सोसले असते. पण माझा स्क्रूसुद्धा ढिला नव्हता. ढिले काही असेल तर ती एक वायर होती.

त्या दिवशी डॉक्टर हिरमुसले होऊन घरी आले आणि त्यांनी हॉटेलवाल्यांना फोन केला. हे हॉटेलवाले म्हणजे त्यांचे जुने रोगी. हॉटेलच्या दारात काचेची खोली करून त्यात एक लाल गाडी उभी करायची, असे त्यांच्या मनात फार दिवस होते. तेलाचा डाग पडू नये म्हणून माझे इंजिन काढून टाकणार, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले होते. डॉक्टर गॅरेजमध्ये माझ्याशेजारी उभे राहूनच बोलत होते.

"एक शेवटची तपासणी करून बघतो," ते म्हणाले. "नापास झाली तर घेऊन जा. निदान काचेत धूळ तरी बसणार नाही तिच्यावर."

बोलताना त्यांचा हात मायेने माझ्या टपावर फिरत होता. मित्रांनो, माझा सगळ्यात जास्त संताप झाला तो या क्षणी. दुष्ट माणसाच्या हातून मेले असते तर शिव्या तरी देता आल्या असत्या. हा माणूस मला तळहाताच्या फोडासारखा जपत जपत मारायला निघाला होता. मला भीती वाटली आणि त्यांची दयाही आली. मी काहीही करू शकत नव्हते.

मग शेवटच्या तपासणीच्या तयारीला लागून डॉक्टरांनी आधी बॅटरीची वायर जोडली आणि माझी चाके आतून घासायला घेतली. त्यासाठी ते जमिनीवर वाकले आणि तसेच राहिले. पाठ धरली! ते आई-आई करत असतानाच त्यांना घरात नेले आणि पलंगावर आडवे केले. नेमकी त्याच दिवशी बाईंची छोटी गाडी वर्कशॉपमध्ये गेली. तिचा गिअरबॉक्स उघडून ठेवला होता. बाई म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी. त्या गाणे शिकवत, सकाळी एका शाळेत आणि संध्याकाळी दुसऱ्या. घरात डॉक्टरांच्या आईही होत्या. त्यांना दुपारी शहराबाहेरच्या मैत्रिणीकडे पत्ते खेळायला सोडावे लागे. हे पत्ते पाऊस असो, वादळ असो, चुकत नसत.

डॉक्टरांची खोली गॅरेजला लागूनच होती, त्यामुळे खिडकीतून मला सगळे ऐकू येत होते.

"किल्ली द्या," बाई म्हणाल्या.

"अगं, तिला नको! शेवटची तपासणी तोंडावर आली आहे. इतकी तयार करून ठेवली आहे मी तिला."

"अहो, तुम्ही तिला नटवता. तयार होणं वेगळं. माझ्या मुलांचा गळा तयार होतो तो रोज गाऊन. मफलर गुंडाळून ठेवला तर होईल का? आणि तुमची पाठ धरली म्हणून माझी शाळा थांबत नाही."

"बरं, ने. पण आलीस की बॅटरीची वायर तेवढी..."

"ते बॉनेट मला उघडत नाही, आणि उघडलं तरी मी हात घालणार नाही. साडीला वंगण लागतं."

असे म्हणून त्या माझ्यात येऊन बसल्या. पर्स धाडकन शेजारच्या सीटवर टाकली, सेल मारला आणि फाटकाबाहेर काढूनच श्वास घेतला.

मित्रांनो, तो आठवडा! पहिल्याच चौकात मी बंद पडले, इतकी मी गोंधळले होते. मागचा बसवाला म्हणाला, "ताई, विमान आहे का ते?" बाईंनी त्याला खिडकीतून जे उत्तर दिले ते गाण्याच्या शिक्षिकेला शोभणारे नव्हते. पण मी लगेच सुरू झाले. मग गर्दी, सिग्नल, शाळेसमोरचा चढ आणि मोडका रस्ता. पोट घासेल म्हणून ज्या गतिरोधकांची मला कायम भीती घातली गेली होती, ते बाईंनी तिरपे घेऊन सहज ओलांडले. माझ्यात भिजलेल्या छत्र्या आल्या, गाण्याच्या वह्या आल्या, सीटखाली एक पेन्सिल जाऊन पडली. एका पक्ष्याने माझ्या काचेवर आपले मत नोंदवले आणि ते दोन दिवस तसेच राहिले.

दुपारची गंमत तर विचारू नका. डॉक्टरांच्या आई पहिल्या दिवशी माझ्यात बसायला म्हणून वाकल्या आणि थेट आत घसरल्या.

"ही गाडी आहे की घसरगुंडी?" त्या ओरडल्या. "सूनबाई, मला परत बाहेर कोण काढणार?"

"मी ओढते हात, मैत्रीण ढकलेल मागून," बाई म्हणाल्या.

"एवढे पैसे घालून तुझ्या नवऱ्याने खड्डा विकत घेतला!"

पण शहराबाहेरचा मोकळा रस्ता लागला, बाईंनी मला वरच्या गिअरमध्ये टाकले आणि डॉक्टरांच्या आई मान उंचावून पुढे बघू लागल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्या ट्रकच्या पुढे जाते का बघ." गेले मी! त्यानंतर रोज त्या घरातून दहा मिनिटे आधीच तयार होऊन माझ्याजवळ येऊन उभ्या राहू लागल्या. अशीच वाट बघताना त्यांनी आपली काठी माझ्या दाराला टेकवली. ती घसरली आणि माझ्या दारावर एक लांब ओरखडा उठला. मला जरासुद्धा दुखले नाही.

मी फाटकाशी आले की खिडकीतून डॉक्टरांचा आवाज येई, "अगं, दुसऱ्यावर काय ओढतेस, गिअर बदल!" आणि बाई म्हणत, "झोपा!" संध्याकाळी वायर कोणीच काढत नव्हते. सकाळी उठल्यावर मला कालचे आठवत होते. माझे डोके एकेक नोंद करत गेले. थंडीत उठली, ठीक. गर्दीत सरकली, ठीक. मोकळ्या रस्त्यावर पळाली, ठीक. डबा तापला, ठीक. माझे घड्याळ पहिल्यांदाच खरी वेळ दाखवत होते.

शेवटच्या तपासणीच्या दिवशी डॉक्टर कमरेला पट्टा बांधून, भिंत धरत बाहेर आले. त्यांनी ट्रकला फोन लावायला घेतला तेव्हा बाईंची किल्ली फिरवून झालीही होती. "ट्रकची वाट बघत बसले तर माझा तास बुडेल. बसा," त्या म्हणाल्या. डॉक्टर आयुष्यात पहिल्यांदा माझ्यात शेजारच्या सीटवर बसले. वाटभर त्यांचा पाय नसलेला ब्रेक दाबत होता.

केंद्रात उतरल्यावर त्यांना तो ओरखडा दिसला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते बोट लावून बघतात तोवर तपासनिसाने नळी घातली, वायर जोडली. मी श्वास रोखला. नापास झाले तर माझे इंजिन निघणार होते.

तपासनीस पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तयार आहे. धूरपण स्वच्छ. पास!"

डॉक्टरांचे बोट अजून ओरखड्यावरच होते.

"साहेब, या वेळी काय केलंत?" तपासनिसाने विचारले.

"मी?" डॉक्टर म्हणाले. "मी काहीच नाही केलं. मी आजारी पडलो होतो."

"मग असंच अधूनमधून पडत जा," तपासनीस म्हणाला आणि त्याने दाखला हातात ठेवला. बाई इतक्या मोठ्याने हसल्या की रांगेतली माणसे बघू लागली. डॉक्टर हसले नाहीत. परतीच्या वाटेवर त्यांनी तो दाखला दोनदा वाचला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "अगं, त्या मोकळ्या रस्त्याने घे ना." बाईंचा तास त्या दिवशी बुडालाच.

चारच दिवसांनी हॉटेलवाले सकाळी सकाळी दारात हजर. त्यांना निकाल कळलेला नव्हता. डॉक्टर एका हाताने कंबर धरून दुसऱ्या हाताने फाटक उघडून उभे होते, कारण बाई मला घेऊन शाळेला निघाल्या होत्या. खरे म्हणजे त्यांची छोटी गाडी दुरुस्त होऊन आली होती. ती मागे उभी होती आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते.

"डॉक्टर, काचेची खोली झाली बरं का!" हॉटेलवाले म्हणाले. "उद्या सकाळी ट्रक पाठवू का?"

"सकाळी नको. सकाळी ती शाळेत जाते."

"मग दुपारी?"

"दुपारी आईचे पत्ते असतात."

"बरं, संध्याकाळी?"

"संध्याकाळी दुसरी शाळा." डॉक्टरांनी माझ्या दारावरच्या ओरखड्याकडे पाहिले. तो त्यांनी अजून बुजवला नव्हता. "आणि रविवारी मी चालवतो. तिला वेळच नसतो हो."

ते ऐकून मी फाटकातच बंद पडले. बाईंना वाटले, क्लच चुकला.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणीतरी असे असेल. कपाटात नवी कोरी सायकलची घंटा, पेटीत ठेवलेले रंग, पाहुणे आल्यावरच निघणाऱ्या बशा. तुमचा त्यांच्यावर जीव आहे हे मला कळते. पण जीव असेल तर त्यांना कामाला लावा, मळू द्या, एखादा ओरखडा उठू द्या. पुसायला फडके आहेच की घरात. आता मला मागून हॉर्न ऐकू येतो आहे आणि बाई चिडल्या आहेत. अजून दोन शब्द बोलण्यासाठी थांब, असे मला कृपा करून सांगू नका. थांबण्यात माझी निम्मी हयात गेली आहे.